साधी म्हणजे खुळी, शहाणी म्हणजे लबाड?



दुपारची वेळ आहे. कुणी धान्य निवडत असेल, कुणी शिलाई मशीनवर बसली असेल, कुणी नुकतीच रानातून येऊन टेकली असेल. हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या. आजचा विषय आहे इंग्रजीतल्या जुन्या शब्दांचा. घाबरू नका, स्पेलिंग विचारणार नाही. मुलांच्या पुस्तकात, टीव्हीवर, मोबाइलवर रोज भेटणारे काही शब्द घेतलेत, आणि त्यांचे असे अर्थ सांगणार आहे की जे आज इंग्रज माणसालाही पटकन आठवणार नाहीत.

हे शब्द दोन घराण्यांतले आहेत. एक घराणं साधेपणाचं. सरळ, निष्पाप, निर्मळ, असं सांगणारे शब्द. दुसरं घराणं बारकाव्याचं आणि कसबाचं. सूक्ष्म, कुशल, जाणता, असं सांगणारे शब्द. दोन्ही घराणी चांगली, खानदानी. पण पाच-सातशे वर्षांत त्यांची काय गत झाली बघा. साधेपणाचे शब्द घसरत घसरत मूर्खपणापाशी जाऊन पोचले, आणि कसबाचे शब्द लबाडीपाशी. सगळेच नाही, पण इतके, की त्याला योगायोग म्हणता येत नाही.

आता तुम्ही विचाराल, एवढे जुने अर्थ कळतात कसे? त्याचीही गोष्ट छान आहे. इंग्लंडात एक भलामोठा शब्दकोश आहे, ऑक्सफर्डचा. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ साल उजाडलं. त्याचे मोठे संपादक जेम्स मरे. त्यांनी लोकांना आवाहन केलं, की घरी बसून जुनी पुस्तकं वाचा, शब्द दिसला की ते वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल चिठ्ठीवर लिहून आम्हाला पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या. पाठवणाऱ्यांत घरात बसून वाचणाऱ्या कितीतरी बायका होत्या. एडिथ थॉम्पसन आणि तिची बहीण, या दोघींनी मिळून पंधरा हजारांच्या आसपास चिठ्ठ्या पाठवल्या. मरे यांच्या मुलांनी खाऊच्या पैशांसाठी त्या चिठ्ठ्या अक्षरवार लावल्या. अशा चिठ्ठ्यांवरून कोणता शब्द कुठल्या काळात कोणत्या अर्थाने वापरला जात होता, ते समजलं. जो अर्थ वापरातून गेला, त्याच्या आधी या कोशात एक बारीकशी कट्यार छापतात. म्हणजे हा अर्थ मेला. आज आपण या कट्यारवाल्या अर्थांकडे जाऊ.

पहिला शब्द 'सिली'. पोरं एकमेकांना म्हणतात ना, डोंट बी सिली. वेडेपणा करू नकोस. हाच शब्द हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत होता, आणि त्याचा अर्थ होता सुखी, पुण्यवान, देवाची कृपा असलेला. जर्मन भाषेत त्याचा भाऊबंद अजून आहे आणि तो अजून 'धन्य' याच अर्थाने वापरतात. इंग्रजीत मात्र पायऱ्या उतरत गेल्या. पुण्यवान माणूस निष्पाप असतो, म्हणून सिली म्हणजे निष्पाप. निष्पाप माणसाला कुणीही फसवतं, म्हणून सिली म्हणजे बिचारा. मेंढरांना सिली म्हणायचे ते याच अर्थाने, गरीब बिचारी म्हणून. मग बिचारा म्हणजे दुबळा, आणि दुबळा म्हणजे डोक्यानेही दुबळा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शब्द मूर्खपणाला टेकला. इंग्लंडमध्ये सफोक नावाचा परगणा आहे. त्याला 'सिली सफोक' म्हणतात. बाहेरचे हसतात, पण तिथले लोक अभिमानाने सांगतात की अहो, हा जुना शब्द आहे, आमचा मुलूख देवळांचा, पुण्यवंतांचा.

गंमत म्हणजे या प्रत्येक पायरीवर कुणी मुद्दाम अपमान करायला बसलं नव्हतं. कौतुक करता करता कीव आली आणि कीव करता करता हसू आलं. आपल्याकडे नाही का? 'देवमाणूस आहे हो' असं आपण म्हणतो, तेव्हा दर वेळी पाया पडायच्या भावनेने म्हणतो का? कधीकधी त्याचा अर्थ असतो, त्याला काही कळत नाही, कुणीही गंडवावं. 'भोळा सांब' म्हणताना तर देवाचंच नाव घेतो आणि माणसाला हसतो. तिकडे सिली, इकडे भोळा सांब. वाट तीच.

दुसरा शब्द 'सिंपल'. मूळ लॅटिन. त्यात दोन तुकडे आहेत, एक म्हणजे 'एक', दुसरा म्हणजे 'घडी'. म्हणजे एका घडीचं, एकपदरी. जुन्या इंग्रजीचा स्वतःचाही असाच शब्द होता, 'वनफोल्ड' या घडणीचा. तो इंग्लंडात विरला, पण स्कॉटलंडच्या बोलीत 'एफॉल्ड' असा राहिला, आणि त्याचा अर्थ प्रामाणिक, मनात एक आणि ओठावर तेच असणारा. याच्या उलट 'डुप्लिसिटी', म्हणजे दुहेरी घडी. वरून एक, आतून दुसरं. कापडाची घडी घालणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला नको. एकपदरी कापडात काही लपवता येत नाही.

पण सिंपलला आणखी एक अर्थ होता, आणि तो बायकांच्या कामाचा. एकाच वनस्पतीपासून केलेल्या औषधाला 'सिंपल' म्हणायचे. पाच-दहा द्रव्यं मिसळून केलं तर ते संयुक्त औषध. नुसता एक पाला, एक मूळ, एक साल, तर ते सिंपल. रानात जाऊन अशा वनस्पती गोळा करण्याला 'सिंपलिंग' म्हणायचे. घरच्या बाया, शेजारच्या म्हाताऱ्या, खेडोपाडी हेच करायच्या. ताप आला, गळू झालं, लघवीला अडलं, की जवळ असलेला पाला.

लंडनमध्ये १५१८ साली राजाच्या सनदेने डॉक्टरांचं कॉलेज सुरू झालं. शस्त्रवैद्यांचाही संघ होता. झाडपाल्याचं औषध देणाऱ्यांवर खटले भरले जाऊ लागले. तेव्हा आठवा हेन्री राजा असताना, १५४२-४३ साली, पार्लमेंटने एक कायदा केला. शस्त्रवैद्य आपल्या फायद्यासाठी, झाडपाल्याची माहिती असलेल्या भल्या माणसांना छळतात, अशी तक्रारच त्या कायद्यात नोंदवलेली आहे, आणि ती माणसं म्हणजे पुरुष तसेच बाया, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. काही ठरावीक दुखण्यांवर असं औषध द्यायला त्यांना मुभा मिळाली. नंतरच्या डॉक्टरांनी या कायद्याला 'वैदूंची सनद' म्हणून नावं ठेवली, ते वेगळं.

आता शब्दाचं काय झालं ऐका. लंडनजवळ बॅटरसी म्हणून भाग आहे. तिथे भाजीपाल्याचे मळे होते आणि औषधी वनस्पतीही लावत. ठरावीक मोसमात औषधं विकणारे तिथे जायचे आणि माळी त्यांच्यासाठी सिंपल्स कापायचे. यावरून लोकांनी कोटी केली. एखादा पोरगा बावळटपणा करू लागला की म्हणायचे, जा, बॅटरसीला जाऊन तुझे सिंपल्स कापून घे. कारण तोपर्यंत सिंपलचा आणखी एक अर्थ झाला होता, बुद्धीने कमी. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या गृहस्थाने १७८५ साली बाजारी बोलीचा कोश छापला, त्यात ही कोटी नोंदवली आहे. एका शब्दात औषधही आणि खुळेपणाही. पुढे औषधाचा अर्थ विझला. बॅटरसीचे मळेही गेले.

आता दुसऱ्या घराण्याकडे वळू. 'सटल'. सूक्ष्म, बारीक, पटकन लक्षात न येणारं. लिहिताना यात 'बी' हे अक्षर असतं, पण बोलताना त्याचा उच्चार होत नाही. मुलं विचारतात, मग लिहायचं कशाला? पूर्वी लिहीतही नसत. नंतरच्या विद्वानांना शब्दाचं लॅटिन कूळ दाखवायचं होतं, म्हणून त्यांनी ते मध्ये घातलं. ते कूळ मात्र ऐकण्यासारखं आहे. लॅटिनमध्ये 'टेला' म्हणजे मागावरचं विणकाम आणि 'सब' म्हणजे खाली. विणकामाच्या खालून जाणारा बारीक धागा, त्यावरून हा शब्द आला असं मानतात. म्हणजे सूक्ष्मतेची कल्पना कुणा पंडिताच्या डोक्यातून आलेली नाही. ती विणणाऱ्याच्या बोटांतून आली. हाताला आधी कळतं, कुठला धागा जाड आणि कुठला बारीक.

याच शब्दाचा एक अर्थ स्वयंपाकघरात होता. मध्ययुगातल्या मोठ्या मेजवान्यांत दोन पंगतींच्या मध्ये साखरेच्या किंवा बदामाच्या लगद्याच्या शोभेच्या मूर्ती आणून ठेवत. त्यांना 'सटल्टी' म्हणायचे. १४२९ साली वेस्टमिन्स्टरला सहाव्या हेन्रीचा राज्याभिषेक झाला, तेव्हा तो सात वर्षांचा पोर होता. त्या मेजवानीतल्या एका सटल्टीत दोन संत राजे आणि त्यांच्यामध्ये हा बाळराजा, असा देखावा होता. साखर तेव्हा तिकडे फार महाग. आणि 'शुगर' हा शब्द आपल्याच शर्करेपासून, फारशी आणि अरबी तोंडांतून फिरत तिकडे पोचलेला. दिवाळीला साखरेची हत्ती-घोड्यांची चित्रं आणि संक्रांतीला हलव्याचे दागिने करणाऱ्या आपल्या बायकांना त्या कामातलं कसब वेगळं सांगायला नको.

पण सटलचीही गत तीच होऊ लागली. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये बाईला फळ खायला लावणाऱ्या सापासाठी हाच शब्द वापरला आहे. सूक्ष्म बुद्धीचा, म्हणजे कावेबाज. हा अर्थ आता मागे पडला आणि शब्द पुन्हा बऱ्यापैकी सावरला.

त्याचे सोबती मात्र सावरले नाहीत. 'कनिंग' घ्या. आज त्याचा अर्थ धूर्त. मूळ अर्थ जाणता, ज्याला काम येतं असा. 'आय कॅन' म्हणतो ना आपण, मला जमतं, मला येतं, त्याच मुळाचा हा शब्द. त्याच १६११ च्या बायबलमध्ये वीणा वाजवणाऱ्याच्या कौशल्याला कनिंग म्हटलं आहे. 'क्राफ्टी' म्हणजे आज कपटी, मूळ अर्थ बळकट आणि कसबी. हस्तकलेच्या 'हँडिक्राफ्ट' या शब्दात तो चांगला अर्थ अजून तग धरून आहे. 'स्लाय' म्हणजे आज लुच्चा, मूळ अर्थ चतुर, तरबेज.

कनिंगच्या मागे एक अख्खी बाई उभी आहे. 'कनिंग वुमन'. इंग्लंडच्या खेड्यांत सोळाव्या-सतराव्या शतकात ही असायची. पुरुषही असायचे. दुखणं आलं, गुरं आजारी पडली, चमचा हरवला, लेकीचं लग्न जुळेना, की लोक हिच्याकडे. झाडपाला, मंत्रतंत्र, थोडं शहाणपण, थोडी बनवाबनवी, सगळं एकात. तिचं सगळं खरं होतं असं मी म्हणणार नाही. पण गाव तिला जाणती म्हणत होतं. चेटकीण आणि ही वेगळी, असं लोकांच्या मनात स्पष्ट होतं. चेटूक झालं असं वाटलं तर ते उतरवायला लोक हिच्याकडेच जायचे.

वरच्या लोकांना हा फरक मान्य नव्हता. विल्यम पर्किन्स नावाचे मोठे धर्मोपदेशक होते. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६०८ साली निघाला. त्यात त्यांचं म्हणणं असं, की वाईट करणाऱ्या चेटकिणीपेक्षा ही भलं करणारी जास्त धोक्याची, कारण तिच्याकडे लोक आपणहून जातात. तिलाही मृत्यूचीच शिक्षा हवी. १६०४ च्या कायद्याने तर मंत्राने हरवलेली वस्तू शोधून देणं हाही गुन्हा ठरवला. पहिल्या वेळी वर्षभर तुरुंग, पुन्हा सापडली तर मरण. प्रत्यक्षात अशा जाणत्या बायका फार थोड्या पकडल्या गेल्या, कारण गावाला त्या हव्या होत्या. १७३६ साली तो कायदा गेला. शब्द मात्र धूर्तपणाच्या डबक्यात पडला तो पडलाच.

हा काही नुसता परदेशातला जुना किस्सा नाही. आपल्या महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे माणसं आजारी पडतात, असं ठरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. असा कायदा लागतो, याचाच अर्थ एक शब्द एखाद्या बाईचं घर, शेत आणि जीवही घेऊ शकतो. आधी शब्द चिकटतो, मग दगड येतात.

मग प्रश्न उरतो, हे शब्द घसरतात का? भाषेचे अभ्यासक बरीच कारणं सांगतात. त्यातलं एक मला महत्त्वाचं वाटतं. शब्दाचा अर्थ ठरवताना कोण कुणाबद्दल बोलतंय, हे फार मोठं असतं. 'व्हिलन' शब्द बघा. सिनेमातला खलनायक. मूळ अर्थ काय? जमीनदाराच्या शेतावर राबणारा कुणबी. वाड्यातल्या माणसांनी त्याच्याबद्दल बोलता बोलता त्याचा दुष्ट माणूस करून टाकला. आपल्याकडे 'ग्राम्य' म्हणजे मूळ अर्थ गावचा, आणि आता अर्थ काय, तर असभ्य. गावाने हा अर्थ केला का? गावाबद्दल बोलणाऱ्यांनी केला. तसंच, साध्या माणसाला खुळा म्हणणारा बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा वर बसलेला असतो. आणि खाली बसलेल्याला एखादी गोष्ट नीट जमली, तर वरच्याला तिची भीती वाटते. मग तिला लबाडी म्हणायचं.

दोन शब्द सांगते, म्हणजे हे अगदी उघड होईल. 'डाफ्ट' आणि 'डेफ्ट'. डाफ्ट म्हणजे खुळा, डेफ्ट म्हणजे हातात सफाई असलेला. एकाच आईच्या या दोन लेकी. जुन्या इंग्रजीत एकच शब्द होता, अर्थ होता सौम्य, मवाळ, नीटस. एका लेकीच्या सौम्यपणाकडे लोकांनी बावळटपणा म्हणून पाहिलं, ती डाफ्ट झाली. दुसरीच्या नीटसपणाकडे कसब म्हणून पाहिलं, ती डेफ्ट झाली. गुण एका घरचेच. बघणाऱ्याचा डोळा तेवढा निराळा.

शब्द वर चढल्याचीही उदाहरणं आहेत, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई नुसतं रडगाणं गातेय. 'नाइस'. आज पोळी छान झाली तरी नाइस, साडी छान असली तरी नाइस. लॅटिनमध्ये त्याचं मूळ 'न जाणणारा', अडाणी. इंग्रजीत तेराशेच्या सुमारास आला तो मूर्ख याच अर्थाने. मग त्याचा अर्थ झाला नखरेल, मग चिकित्सक, मग बारकावा जाणणारा. नाजूक फरक ओळखणं म्हणजे नाइस असणं. आणि अठराव्या शतकात तो गोड, छान यावर येऊन थांबला. लोक तो इतका वापरू लागले की जेन ऑस्टेनने १८१७ च्या अखेरीस निघालेल्या 'नॉर्थँगर अ‍ॅबी' या कादंबरीत एका पात्राकडून त्याची चांगली फिरकी घेतली. 'प्रिटी' तर याहून मजेशीर. आज सुंदर मुलगी. मूळ अर्थ कपटी, युक्तीबाज. तिथून हुशार, मग सुबक, मग देखणी.

म्हणजे शब्द खालीच जातो असा काही नियम नाही. लोकांच्या तोंडात तो जसा फिरतो तसा तो घडतो.

आणि कधीकधी एखादी बाई आपल्या कामाने शब्दाला जुन्या तेजात उभा करते. एलिझाबेथ ब्लॅकवेल. डॉक्टर झालेली अमेरिकेची एलिझाबेथ ब्लॅकवेल वेगळी, तिच्या शंभर वर्षं आधीची ही लंडनची. हिचा नवरा छापखान्याच्या धंद्यात बुडाला आणि कर्जापायी तुरुंगात गेला. घरी खाणारी तोंडं आणि डोक्यावर देणं. हिला चित्रं काढता येत होती. डॉक्टरांना औषधी वनस्पतींचं चांगलं सचित्र पुस्तक हवंय हे तिने हेरलं. चेल्सी इथे औषधं विकणाऱ्यांच्या संघाने १६७३ साली लावलेली औषधी वनस्पतींची बाग होती, अजूनही आहे. तिच्याजवळ तिने बिऱ्हाड केलं. समोर झाड ठेवून चित्र काढायचं, तेच तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं आणि छापून आलं की हाताने रंगवायचं. ही एरवी तीन वेगळ्या कारागिरांची कामं. तिने एकटीने केली. आठवड्याला चार चित्रं, असे सव्वाशे आठवडे, १७३७ ते १७३९. एकूण पाचशे चित्रं. झाडांची वेगवेगळ्या भाषांतली नावं तुरुंगातून नवऱ्याने पुरवली. नामांकित डॉक्टरांनी पुस्तकाची शिफारस केली, आणि त्या कमाईतून नवरा सुटला.

पुस्तकाचं नाव 'अ क्युरियस हर्बल'. आज क्युरियस म्हणजे कुतूहल असलेला, किंवा जरा चमत्कारिक. पण इथे आहे तो जुना अर्थ, जो आता कट्यारीखाली गेलाय. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ काळजी. क्युरियस म्हणजे काळजीने, बारकाईने, नीट केलेलं. पाचशे साध्या पाल्यांची, म्हणजे सिंपल्सची, काळजीने काढलेली चित्रं. साधेपणा आणि बारकावा ही आपली दोन्ही घराणी या एका पुस्तकात शेजारी शेजारी बसली आहेत. त्यांचं आपसात काही वैर नाही. एकपदरी कापड विणायलाही बारीक धागाच लागतो.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्या भाषेत काय चाललंय? 'हिकमत' हा अरबीतून आलेला शब्द, अर्थ शहाणपण. त्याच मुळाचा 'हकीम', औषध देणारा. पण 'ती मोठी हिकमती आहे' असं म्हणताना आपला सूर कसा असतो, आठवून बघा. 'गनिमी कावा' म्हटलं की छाती फुगते, 'कावेबाज' म्हटलं की कपाळाला आठी. आणि 'शहाणी'! एवढा चांगला शब्द, पण 'मोठी शहाणी लागून गेलीस' यात तो चपराकीसारखा येतो. त्यावर पुन्हा 'दीडशहाणी', 'अतिशहाणी'. गटाचा हिशोब जिला नीट येतो, बँकेत जाऊन जी साहेबाला प्रश्न विचारते, सातबारा जी स्वतः वाचते, ती 'चालू'. आणि जी विचारत नाही, सांगाल तिथे अंगठा देते किंवा सही करते, ती 'साधी'. तिचं कौतुक होतं, पण जमिनीच्या वाटणीच्या दिवशी त्याच कौतुकाचा अर्थ होतो, तिला काय कळतंय त्यातलं.

म्हणजे मुलीने जायचं कुठे? साधी राहिली तर खुळी, जाणती झाली तर लबाड. इंग्रजी शब्दांनी पाच-सातशे वर्षांत जो प्रवास केला, तो आपल्या घरात एखादी पोर दहावी ते लग्न एवढ्या काळात करते.

म्हणून आज एवढंच सुचवते. पुढच्या बैठकीत कुणी हिशोबात चूक दाखवली, तर तिला शहाणी म्हणा, आणि शहाणी म्हणताना तोंड वाकडं करू नका. सूर सरळ ठेवला की शब्द सरळ राहतो. कुणी गप्प बसली असेल तर 'साधी आहे बिचारी' म्हणून पुढे जाऊ नका. कागद तिच्या हातात द्या, मोठ्याने वाचून दाखवा, तिचं मत विचारा. साधेपणाला कीव लागत नाही, माहिती लागते. आणि लेकीसमोर शेजारणीला 'चालू' म्हणण्याआधी एक क्षण थांबा. तो शब्द लेक उचलते, आणि उद्या स्वतःबद्दल वापरू लागते. किंवा त्या शब्दाच्या भीतीने हात वर करायचं सोडून देते.

आणखी एक काम आहे, जमलं तर करा. तुमच्या आजीला, सासूला, गावातल्या म्हाताऱ्या सुईणीला विचारा, की हुशार बाईला तुमच्या काळी काय म्हणायचे? हातात कसब असलेल्या बाईला काय म्हणायचे? भोळ्या माणसाला काय? जे शब्द मिळतील ते वहीत लिहा. शब्द, वाक्य, कुणी सांगितला, कुठल्या गावचा. एडिथ थॉम्पसन आणि तिची बहीण घरी बसून हेच करत होत्या. केंद्रावर आणून द्या किंवा मोबाइलवर बोलून पाठवा. पुढच्या महिन्यात आपण ते सगळ्यांना वाचून दाखवू. कट्यार लागायच्या आत जेवढे वाचतील तेवढे.

बरं, चुलीवर काही ठेवलं असेल तर बघा. नमस्कार.